पावणेदोन सेकंद

माझे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त करत आले. दुकानांतले, गोदामांतले, अख्खा ट्रक वर चढतो एवढाले, आणि सोनाराच्या काचेच्या पेटीतले नाजूकसुद्धा. सगळे त्यांना काटेवाले म्हणतात. भाजी घ्यायला गेले तरी आधी काटा बघणार, मग भाजी. ताई सांगायची, "पहिल्यांदा आपल्या घरी आले तेव्हा स्वयंपाकघरातला काटा सरळ करून गेले. माझ्याकडे बघितलं की नाही, देव जाणे."

मी शिवणकाम करते. एक खोली, दोन मशीन, भिंतीला उंच आरसा. भाऊजी मला टाचणी म्हणतात, कारण मी बोलते तशी. मला राग पटकन येतो आणि मी तो लपवत नाही. लपवून काय त्याचं लोणचं घालायचंय? हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी एक गोष्ट लपवली आहे आणि ती मला अजिबात जमली नाही.

काम सोडल्यावर भाऊजींनी होडी करायला घेतली. प्लायवूडची, बारा फुटी, घरामागच्या शेडमध्ये. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ. पण एका सकाळी ते माझ्या दारात तांब्याच्या तारेचं भेंडोळं घेऊन उभे. "टाचणी, होडी शिवायची आहे. चल."

मी म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे ना?"

पण खरंच शिवतात. फळ्यांच्या कडेला बारीक भोकं पाडायची, दोन फळ्या कडेला कड लावून धरायच्या आणि तारेचे टाके घालत जायचं. पक्कडीने पीळ दिला की फळ्या वाकतात आणि बघता बघता होडीचा आकार येतो. मग आतून सांध्यात गोंद भरायचा, वरून पट्टी चिकटवायची आणि गोंद वाळला की टाके उसवून टाकायचे. तीनशे अकरा टाके मी घातले आणि मीच उसवले. भाऊजींचे टाके एकसारखे पडेनात म्हणून त्यांना तार कापायला बसवलं. ताई चहा करून आणायची आणि म्हणायची, "हिला पाण्याचा थेंब सहन होत नाही आणि ही होडी शिवतेय."

मग आली मोटर. होडीच्या मागच्या फळीला अडकवायची, आठ घोड्यांच्या ताकदीची, जुनी. विकणारा मोटरवाला तलावाजवळच राहतो, झुबकेदार मिशांचा. ही मोटर बारा फुटी होडीला दोन माणसं घेऊन कितपत पळवेल, असं भाऊजींनी विचारलं. तो म्हणाला, "फिराल आरामात. पळवायचं मनात आणू नका." तलावाच्या काठाने पाण्याच्या पातळीचे दोन खांब आहेत, बरोबर चारशे मीटर अंतराचे. त्यांच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "दोन माणसं घेऊन हे अंतर एकोणसाठ सेकंदांच्या आत कापलंत, तर मी मिशी काढीन."

झालं. भाऊजींना एवढंच पुरे होतं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी भाऊजी मागे मोटरीपाशी आणि ताई पुढच्या फळीवर, तोंड भाऊजींकडे करून. गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत वही. पहिला खांब आला की कळ दाबायची, दुसरा आला की दाबायची, मग उलट्या दिशेने तेच, म्हणजे वाऱ्याचा हिशेब फिटतो. दोन्हींची सरासरी वहीत. शिवाय होडी "उठायला" किती सेकंद लागले तेही. मोटरीला जोर दिला की आधी होडी नाक वर करून पाणी ढकलत बसते, मग एका क्षणी सपाट होऊन पाण्यावर सरकायला लागते. त्याला भाऊजी उठणं म्हणतात. तो क्षण आला की ताई एक हात वर करायची, शाळेतल्या मुलीसारखी.

पहिल्या रविवारी बासष्ट पूर्णांक चार सेकंद लागले. उठायला बारा.

मग एकेक उद्योग सुरू झाले. मोटर किती तिरकी बसवायची त्यासाठी पिनेची पाच भोकं असतात. दर रविवारी वेगळं भोक. मोटरीखाली लाकडाची पट्टी घालून ती बोटभर वर घेतली. जास्त घेतली तर पंखा पाण्याऐवजी हवा गिळायचा आणि मोटर नुसती केकाटायची, म्हणून परत अर्धं बोट खाली. पंखे तीन बदलले. कार्बोरेटर साफ केला. होडीचं बूड पॉलिश पेपरने इतकं घासलं की त्यात तोंड दिसावं. एका वेळी एकच बदल, हा त्यांचा नियम. दोन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही, म्हणायचे.

आणि अर्थातच वजन. जित्याची खोड. पेट्रोलची टाकी दर रविवारी टांगत्या काट्यावर. दोर, वल्ही, पाणी उपसायचा पंपसुद्धा. स्वतः शेडमधल्या मोठ्या काट्यावर बुटांसकट उभे राहायचे. वहीत प्रत्येकाचा वेगळा रकाना. पहिल्या रविवारी त्यांनी ताईलाही काट्यावर चढवलं. चौसष्ट किलो. दुसऱ्या रविवारी परत बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "मला काय दर आठवड्याला तोलणार? मी काय बटाट्याचं पोतं आहे?" भाऊजी हसले. तेव्हापासून तिच्या रकान्यात तिने स्वतःच "वरीलप्रमाणे"च्या दोन छोट्या रेघा मारल्या. पुढच्या रविवारी परत. त्याच्या पुढच्या रविवारी परत.

वेळ खाली येत गेली. एकसष्ट. साडेसाठ. साठ. भाऊजी संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे यायचे आणि कापडाच्या ढिगावर ती उघडायचे. "बघ टाचणी, पंखा बदलला आणि पाव सेकंद मिळाला." मी म्हणायचे, "त्या पाव सेकंदात काय करणार आहात?" पण त्यांचा चेहरा बघून मला बरं वाटायचं. लग्नात फोटोत हसले नव्हते एवढे हसायचे.

त्याच महिन्यांत ताई एकदा माझ्याकडे होडीत घालायची पँट घेऊन आली. कमरेत सैल होतेय म्हणाली. मी टेप लावली, दीड इंच आत घेतली. "भाऊजी उपाशी ठेवतात वाटतं." ती म्हणाली, "रविवारची हवा मानवली." सात-आठ आठवड्यांनी तीच पँट परत. आणखी दोन इंच. या वेळी मी टेप हातात धरून तिच्याकडे बघितलं. ती आरशात बघत होती, माझ्याकडे नाही. म्हणाली, "त्यांच्यापाशी बोलू नकोस. खाल्लेलं पचत नाहीये हल्ली. एकदा ते एकोणसाठच्या आत येऊ देत, मग जाते डॉक्टरकडे." मी म्हटलं, "त्या मिशीपायी काय काय करणार आहात दोघं?" आणि हसले. हसले मी. शिवण आत घेतली, इस्त्री मारून दिली.

बाविसाव्या रविवारी अठ्ठावन्न पूर्णांक नऊ. उठायला सात सेकंद. मोटरवाला काठावर उभा होता, त्याच्याच घड्याळात त्याने बघितलं. भाऊजींनी त्याला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी तो खरंच मिशी काढून आला. दिलेला शब्द पाळला बिचाऱ्याने. भाऊजींनी त्याला मिठी मारली. ताईनेही शब्द पाळला. मंगळवारी ती डॉक्टरकडे गेली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लांबवून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पोटात गाठ होती. दवाखान्यात तिला वजनकाट्यावर उभं केलं तेव्हा मी आणि भाऊजी दोघंही तिथे होतो. एकोणपन्नास. भाऊजी म्हणाले, "छे, या काट्याखाली काहीतरी अडकलंय." आणि डॉक्टरांच्या समोर गुडघ्यांवर बसून, गाल फरशीला टेकवून ते काट्याखाली बघायला लागले. नर्स म्हणाली, "आजोबा, उठा." ताई काट्यावर उभी राहून खाली त्यांच्या टकलाकडे बघत हसत होती. भाऊजी बराच वेळ उठले नाहीत. मग उठले आणि गुडघे झटकले.

डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून कमी होतंय?"

ताई म्हणाली, "हल्लीच." भाऊजी अजून काट्याकडेच बघत होते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "लक्षात नाही आलं." टेप तेव्हाही माझ्या पर्समध्ये होती.

सात आठवड्यांत ताई गेली. मला रडू आलं नाही. लोकांना वाटलं, खंबीर आहे. खंबीर कसली, मशीनचा पट्टा निसटला की पाय चालत राहतो आणि सुई हलत नाही, तसं झालं होतं. मी त्या आठवड्यात शाळेचे चाळीस गणवेश शिवले. एकही बटण चुकलं नाही.

भाऊजींचंही तेच. जेवायला वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर विचारायचे नाहीत. ताईची मुलगी, माझी भाची, परगावी असते. रोज फोन करायची. "मावशी, बाबा काय करतात?" मी सांगायचे, "बसतात." मग एक दिवस सांगितलं, "शेडमध्ये गेलेत." तिला हायसं वाटलं. मलाही वाटलं.

भाऊजींनी होडी पाण्यात नेली, पण एकट्याने ती नीट चालेना. पुढे कोणी नाही, त्यामुळे नाक वर, आणि वेग आला की नाक आपटत आपटत जायची. मग त्यांनी काट्यांच्या तपासणीची लोखंडी वजनं बाहेर काढली. वीस-वीसची तीन आणि दोन-दोनची दोन. चौसष्ट किलो. पुढच्या फळीवर दोराने बांधली. वेळ मोजायला मला बोलावलं. मला पाण्याची भीती आहे, पण त्यांनी असं विचारलं की नाही म्हणता आलं नाही. म्हणाले, "कळ दाबायला कोणी नाही." मी होडीच्या मधल्या फळीवर दोन्ही हातांनी कड धरून बसले. माझं वजन जास्तीचं होतं, म्हणून मी अंदाजाने सांगितलं तेवढंच सामान, नांगर, साखळी, बॅटरी आणि अवजारांची पेटी, त्यांनी उतरवून ठेवलं. सगळं बाविसाव्या रविवारसारखं. तोच पंखा, तेच भोक, तेवढंच पेट्रोल.

साठ पूर्णांक सहासष्ट.

परत. साठ पूर्णांक चौसष्ट.

"पावणेदोन सेकंद गेले कुठे?" भाऊजी म्हणाले. ताई गेल्यानंतर त्यांनी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

तीन महिने ते पावणेदोन सेकंद शोधत होते. मोटर शेडमधल्या टेबलावर आडवी पाडून पूर्ण खोलली. स्पार्क प्लग बदलला. पंख्याच्या पात्यांच्या कडा कानशीने घासल्या. कार्बोरेटर इतक्या वेळा धुतला की त्याची चमक बघून भांडी लाजली असती. दर रविवारी मी जायचे, दर रविवारी साठ पूर्णांक पासष्टच्या आसपास. शेवटी मोटर उचलून मोटरवाल्याकडे नेली. त्याची मिशी परत आली होती, आधीपेक्षा पांढरी. त्याने दोन दिवस ठेवून घेतली आणि म्हणाला, "काटेवाले, मोटरीत काही नाही. आहे त्याहून चांगली ही चालायची नाही."

मी घरी येताना भाऊजींवर उखडले. "तीन महिने! एका मोटरीपायी! जरा मुलीकडे जाऊन या, दाढी करा, आरशात बघा स्वतःला!" भाऊजी शांतपणे म्हणाले, "वहीची एक साफ प्रत करून देशील का? तुझं अक्षर बरं आहे." असं बोलणं झाल्यावर माणसाने काय करायचं?

वही घरी आणली. कापड कापायच्या टेबलावर बसून मी रकाने उतरवायला लागले. ताईचं अक्षर उजवीकडे झुकणारं. पहिला रविवार, चौसष्ट. मग खाली दोन रेघा, दोन रेघा, दोन रेघा. बाविसाव्या ओळीत मात्र तिच्या वजनाचा रकाना कोरा. त्याबद्दल भाऊजी आधीच म्हणाले होते, "त्या दिवशी आनंदाच्या भरात विसरली." मी प्रत काढताना तिथे थांबले. ताई विसरणारी बाई नव्हती. बासष्ट वर्षांत कुणाचा वाढदिवस विसरली नाही.

बाजूलाच माझी मापांची वही पडलेली. गिऱ्हाइकांची मापं, तारखेसकट. मी ताईचं पान उघडलं. कंबर तेहतीस. मग साडेएकतीस. मग साडेएकोणतीस. तारखा समोरच होत्या. पहिल्यांदा शिवण आत घेतली ती दहाव्या रविवारच्या आधी. दुसऱ्यांदा, अठराव्याच्या. भाऊजींच्या वहीत बरोबर तिथेच वेळ झपाझप खाली आलेली.

पंख्याने थोडं केलं होतं, पिनेने थोडं केलं होतं. उरलेले पावणेदोन सेकंद ताई होती. पुढच्या फळीवर दर रविवारी थोडी थोडी हलकी होत, हात वर करून, होडी उठली म्हणून सांगत. आणि भाऊजी मागे बसून खुश होत होते.

मी वही मिटली. एकच विचार डोक्यात होता, हे भाऊजींना कळता कामा नये. ज्या माणसाने जन्मभर जगाचे काटे तपासले, त्याच्या होडीत, त्याच्या डोळ्यांसमोर, त्याची बायको चौदा-पंधरा किलो झिजली आणि त्याने ते वेग म्हणून वहीत लिहून घेतलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. हे कळलं तर माणूस त्या शेडमधून उठायचा नाही. आणि खरं सांगते, मला फक्त त्यांना वाचवायचं नव्हतं. त्या रकान्यांचा छडा लागला की दुसरी वहीही उघडावी लागणार होती, माझी. मला स्वतःलाही वाचवायचं होतं.

पुढच्या रविवारी तलावावर पोचले तर भाऊजींनी लोखंडी वजनं वेगळ्या तऱ्हेने मांडलेली. विसाची दोन, आणि बाकी सगळी दोन-दोन किलोंची, बारा. "आज जरा वजन कमी करून बघू," म्हणाले. मी म्हटलं, "मोटरवाल्याने सांगितलं ना, काही नाही म्हणून. चला घरी. मला शिलाईचं काम पडलंय." ते म्हणाले, "तासाभराचं काम."

चौसष्टवर पहिली फेरी झाली. साठ पूर्णांक पासष्ट. मग त्यांनी दोन किलोंचं एक वजन उचलून पिशवीत भरलं, आणि पिशवी काठावर ठेवली. साठ पूर्णांक चाळीस यायला हवे होते. मी दुसऱ्या खांबाशी कळ जरा उशिरा दाबली. साठ पूर्णांक पासष्ट, मी वाचून दाखवलं. ते लिहायलाही मीच होते. त्यांनी पुन्हा दोन काढले. मी अजून थोडी उशिरा दाबली. मग चार काढले. मी मनात एक म्हणून मगच दाबली.

तलावाच्या मध्यावर भाऊजींनी मोटर बंद केली. होडी आपल्याच लाटेवर हलत राहिली. मी कड घट्ट धरली.

"टाचणी, तुझा अंगठा उशिरा पडतोय."

"म्हातारी झालेय."

"होडी आत्ता नऊ सेकंदांत उठली. मी मागे बसून मोजतो. खांबही मला दिसतात." त्यांचा आवाज चढला नव्हता. काट्याची तक्रार घेऊन आलेल्या दुकानदाराला सांगावं तसं ते सांगत होते. "तुम्ही दोघी बहिणी सारख्याच. तिने वजन खोटं लिहिलं, तू वेळ लिहितेस."

मला वाटलं, मी पाण्यात पडले. पडले नव्हते. बसलेच होते.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"दवाखान्यात वाकून बघितलं तेव्हापासून. त्या काट्याखाली काहीही अडकलं नव्हतं. चांगला काटा होता तो."

मला इतका राग आला की मी त्या हलत्या होडीत उभी राहायला निघाले होते. "मग तीन महिने ती मोटर का उघडत बसलात? माझे रविवार, त्या मोटरवाल्याचं डोकं, सगळं कशाला?"

भाऊजींनी पुढच्या फळीवर बांधलेल्या वजनांकडे बघितलं. "मोटरीत काही सापडलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

काठावर एक बाई कुत्र्याला पाणी दाखवत होती. कुत्रं पाण्यात जायला तयार नव्हतं. आम्ही दोघं तिकडे बघत बसलो.

मग ते म्हणाले, "डॉक्टरांनी विचारलं होतं ना, कधीपासून. त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. नीट मोजलं तर काढता येईल. नीट मोजशील?"

मी हो म्हटलं. उरलेल्या फेऱ्यांना अंगठा बरोबर पडला. छप्पन किलो, एकोणसाठ पूर्णांक सहा. चोपन्न. बावन्न. दर वेळी काठाला यायचं, एक वजन उतरवायचं, परत जायचं. पन्नासला अठ्ठावन्न पूर्णांक नऊ आणि उठायला सात सेकंद. भाऊजींनी ते दुसऱ्यांदा करून बघितलं, सवयीप्रमाणे. तेच आलं.

"पन्नास," ते म्हणाले. पुढच्या फळीवर विसाची दोन आणि पाच छोटी वजनं उरली होती. एवढीशीच दिसत होती ती.

त्यानंतर चार रविवार लागले. दर वेळी मागच्या एखाद्या रविवारचा पंखा, त्या दिवसाचं भोक, त्या दिवसाची पट्टी लावायची, आणि तीच वेळ किती वजनावर येते ते शोधायचं. ताईच्या दोन रेघांच्या जागी भाऊजी पेन्सिलने आकडा लिहायचे. सातव्या रविवारपर्यंत चौसष्टच. आठव्याला त्रेसष्ट. तिथून खाली.

"आठव्यापासून," भाऊजी म्हणाले. "म्हणजे साडेतीन महिने."

तो शेवटचा रविवार. होडी काठाला लागलेली, मी अजून मधल्या फळीवर. माझ्या पिशवीत माझी मापांची वही होती. पाचही रविवार मी ती सोबत आणली होती आणि पाचही रविवार बाहेर काढली नव्हती. त्यांच्यापुढे मी खोटी ठरले होते ती फक्त अंगठ्यापुरती. बाकीचं त्यांना माहीत नव्हतं. सगळा दोष त्यांनी स्वतःच्या माथ्यावर घेतला होता आणि मी तो घेऊ देत होते.

मी वही काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. ताईचं पान उघडून. "दहाव्याच्या आधी दीड इंच. अठराव्याच्या आधी दोन. मी स्वतः टेप लावली. तेव्हा ती म्हणाली, खाल्लेलं पचत नाही, पण तुम्हाला सांगू नकोस. एकोणसाठच्या आत येऊ देत म्हणाली. मी ऐकलं. हसले आणि ऐकलं. डॉक्टरांना म्हटलं, लक्षात नाही आलं." एवढं बोलायला मला बराच वेळ लागला.

भाऊजींनी आकडे वाचले. बोटाने तारखा जुळवल्या. मला वाटलं, आता बोलतील, आणि मला ते हवं होतं. कुणीतरी मला चार शब्द सुनवायला हवे होते.

"बाविसाव्याला तिने रकाना कोरा ठेवला," ते म्हणाले. "विसरली नव्हती."

"नाही."

"त्या दिवशी मी त्या मोटरवाल्याला मिठी मारत होतो आणि ती होडीत बसून लिहीत होती." मग पेन्सिल काढत म्हणाले, "तिने मला विचारलं असतं, तर मीही म्हणालो असतो, एवढा एक रविवार होऊ दे."

त्यांनी मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्यांनी बाविसाव्या ओळीतल्या कोऱ्या जागी पन्नास लिहिलं आणि वही मिटली. मी होडीतून उतरले, त्यांनी हात दिला.

शेडमध्ये मोटर धुऊन टांगून झाली. मी निघाले तर म्हणाले, "थांब. तुझं वजन नेमकं किती?"

"मला काय माहीत."

त्यांनी मोठ्या काट्यावरचं कापड काढलं, काटा शून्यावर आणला, दोनदा खात्री केली. "चढ."

माझ्या जिभेवर बटाट्याचं पोतं आलं होतं. मी ते गिळलं आणि चढले. एकसष्ट किलो चारशे ग्रॅम. त्यांनी नव्या वहीत तारीख घालून लिहिलं. मग मी पर्समधून टेप काढली आणि त्यांच्या कमरेला लावली. छत्तीस. मागच्या वर्षी अडतीस होती. हे मी मोठ्याने म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरकडे नेलं. काही निघालं नाही, नुसतं न जेवणं होतं. तेव्हापासून रात्रीचं जेवण ते माझ्याकडे करतात.

होडी भाचीच्या ओळखीच्या एका माणसाने नेली. टाके मी उसवलेत, पण सांधे पक्के आहेत, एवढं मी त्याला सांगितलं.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी शेडमध्ये जाते. आधी मी काट्यावर, मग त्यांना टेप. माझं वजन सहसा तेवढंच भरतं. तरी भाऊजी रेघा मारत नाहीत. दर वेळी आकडा पूर्ण लिहितात.